तारेखालचं हाड

पौषातलं ऊन मिरजेच्या गच्च्यांवर उतरतं तेव्हा ते आधी भोपळ्यांवर बसतं. भीमाकाठावरून आलेले, पोटातून पोकळ, देठाशी आवळलेले सोनसावळे भोपळे गच्चीगच्चीवर वाळत पडलेले असतात. रात्रभर मैफल ऐकून दमलेले श्रोते दुपारी एकाच कुशीवर निजावेत, तसे. उद्या त्यांचे तंबोरे होतील. आज ते नुसतं ऊन पितात.

त्या दिवशीही ऊन तसंच होतं, मधासारखं दाट, मंद, सुवर्णसंथ. गल्लीभर सांडलं होतं, सायकलींच्या तारांतून झिरपत होतं, दारातल्या शेळीच्या कानांत गुलाबी होऊन बसलं होतं. फक्त निलोफरच्या मुठीत ते शिरत नव्हतं.

मूठ घट्ट मिटलेली होती. मुठीत रुमाल, आणि रुमालात करंगळीएवढी हाडाची एक पांढरी पट्टी.

पाचवीतली निलोफर चालत नव्हती, पळतही नव्हती. पळणाऱ्या पोरीला लोक थांबवून विचारतात, काय गं, काय झालं? म्हणून ती चालण्याच्या आणि पळण्याच्या मधल्या गतीनं जात होती, पायांना आवरत, श्वासाला आवरत, आणि दर वळणावर आभाळाकडे बघत. सूर्य अजून उंच होता. पण उतरायला लागलेला सूर्य काही कुणासाठी थांबत नाही.

तिचे आजोबा गुलाबसाहेब, घरातल्यांचे दादाजान, तंबोरे घडवत. घरातली सगळीच पोरं लाकडाच्या भुशात रांगली, सरसाच्या वासात मोठी झाली. बोलायला शिकण्याआधी त्यांना एक गोष्ट ठाऊक व्हायची: तंबोऱ्याच्या तारा हाडाच्या ज्या घोडीवरून जातात, तिचं अंग कानशीनं हळूहळू घासावं लागतं. इतकं हळू की तार त्या हाडाला धड टेकत नाही, धड सुटतही नाही, नुसती घसटत राहते. त्या घसटण्यातून जो गुंजारव उठतो, भ्रमरमंद, अखंड, देवघरातल्या धुरासारखा वर चढणारा, ती जवारी. जवारी निघाली की म्हणायचं, आवाज उघडला. नाही निघाली की म्हणायचं, आवाज बंद आहे.

आणि गेल्या वर्षी तौफिकभाईनं, निलोफरच्या थोरल्या भावानं, घरात गिटार आणली.

दादाजाननी ती हातात घेतली नाही. दुरून एका तारेला नख लावलं. घोटलेल्या चांदीसारखा स्वर उमटला आणि विझला. आवाज बंद आहे, एवढंच ते म्हणाले, आणि पुन्हा कामावर वाकले.

त्या दिवसापासून घरात दोन माणसं एकमेकांशी बोलत होती, पण गिटारीबद्दल बोलत नव्हती. ताटं वाढली जात, भाकरी मोडली जाई, मीठ या हातातून त्या हातात जाई, आणि मधे कुठेतरी ती न बोललेली गोष्ट बसून असे, घरच्याच माणसासारखी. भाई कॉलेजात वाजवायचा, मित्रांकडे वाजवायचा, घरी मात्र कधीच नाही. निलोफर दोघांच्या मधे जेवायला बसे. तिला दोन्ही बाजूंचं मौन ऐकू येई.

म्हणून आज सकाळी तिनं ठरवलं होतं की आवाज उघडायचा.

भाई सांगलीला गेला होता. संध्याकाळी कॉलेजच्या संमेलनात त्याला वाजवायचं होतं, त्याआधी मंडपाचं काम होतं. दिवस मावळताना येतो, गिटार घेऊन लगेच निघतो, असं अम्मीला सांगून गेला होता. निलोफरनं दादाजानची एक बारीक कानस उचलली, गिटारीच्या तारा सैल केल्या, त्यांच्या खालची हाडाची पट्टी खाचेतून काढली, आणि शेकडो वेळा पाहिलं होतं तसं, हळू, अगदी हळू, घासत गेली. धार होती तिथं उतार आणला. उंचवटा होता तिथं सपाटी आणली. बोटांवर हाडाचं पीठ साचलं, शुभ्र, चंद्रचूर्णासारखं. मन आनंदानं इतकं भरलं की ती मधूनमधून स्वतःशीच हसत होती.

मग तिनं पट्टी बसवली, तारा ताणल्या, नख लावलं.

बाटलीत अडकलेला भुंगा जसा काचेवर डोकं आपटतो, तसा आवाज आला. भणभण, चरचर. दुसरी तार, तोच भुंगा. तिसरी, तोच. गुंजारव नव्हता तो. कुणीतरी दात आवळून कण्हत होतं.

तेव्हा तिच्या मनात एक विचार आला जो गिटार बिघडण्याहूनही वाईट होता. भाई ही पट्टी बघेल. कानशीचा हात ओळखेल. या घरात अशी कानस एकच माणूस चालवतो. भाई म्हणेल, दादाजाननी केलं. आणि आज जे मौन आहे, त्याला उद्या दात येतील. तिनं तारा पुन्हा सैल केल्या, पट्टी काढून रुमालात गुंडाळली आणि घराबाहेर पडली.

*

चर्चच्या मागच्या रस्त्यावर, चिंचेच्या सावलीत, रणभिसे सरांचं गिटारीचं दुकान होतं. सर शाळेत गाणं शिकवून निवृत्त झाले आणि मग दुकान काढून बसले. दुकान म्हणजे दुसरी शाळाच होती, फक्त इथं घंटा नव्हती.

भिंतीवर गिटारी मानेनं टांगलेल्या होत्या. मधुवर्णी, रक्तचंदनी, मेघश्यामल, एक तर दुधात केशर कालवल्यासारखी. चिंचेतून आलेलं ऊन त्यांच्या अंगावर हलत होतं, आणि त्या हलत्या उन्हात वाटत होतं की त्या श्वास घेताहेत.

निलोफर उंबऱ्यावर थबकली.

"ये गं," सर म्हणाले. "चपला राहू दे पायात, फरशी गार आहे."

खरं सांगायचं म्हणून ती आली होती. ओठांपर्यंत आलंही होतं. पण सरांच्या पांढऱ्या भुवया वर गेल्या, आणि तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच. शाळेत वाद्यांवर बोलायचं आहे, ती म्हणाली, गिटारीची माहिती हवी आहे.

सरांचा चेहरा उजळला. माहिती मागणारं मूल दारात उभं राहिलं की त्यांना दुसरं काही सुचत नसे. त्यांनी चष्मा पुसला, स्टूल ओढलं, आणि एकेक वाद्य खाली घ्यायला सुरुवात केली, इतकं सावकाश, जणू आजचा दिवस त्यांनी स्वतःच विणायला घेतला होता आणि अजून पहिलीच ओळ चालली होती.

आणि ऊन उतरत होतं.

आधी त्यांनी तिच्या हातात एक इवलंसं वाद्य दिलं. "हे गिटारीचं बाळ नव्हे हं. सगळे तसंच म्हणतात. ही युकुलेली, चुलत बहीण आहे. बाळ म्हटलेलं हिला खपत नाही."

निलोफर हसली नाही. सरांनी ते पाहिलं, पण पाहिलं असं दाखवलं नाही.

मग मेंडोलिन आलं, जोडीजोडीनं तारा बांधलेलं, बडबडं. मग मऊ तारांची गिटार, जिचा स्वर उशीवर डोकं ठेवल्यासारखा. मग पोलादी तारांची, जिचा स्वर हिवाळ्यातल्या पहाटेसारखा स्वच्छ. सर लाकडाची रेघ दाखवत होते. तोंडाचं लाकूड पातळ का, पाठीचं जड का, पोटाच्या गोल खिडकीतून वारा कसा आतबाहेर करतो, सगळं सांगत होते. आणि दर वेळी विचारत होते, कसं वाटतं? तिला उत्तर द्यावं लागे. उत्तर देताना ती जमिनीवरची चिंचेची सावली बघे. सावली काउंटरपाशी होती. सावली स्टुलापाशी आली. सावली तिच्या चपलेच्या टोकाला लागली.

"आता हनुवटी टेक इथं," सर म्हणाले. "डोळे मीट."

तिनं गिटारीच्या खांद्यावर हनुवटी टेकली. सरांनी जाड तार छेडली.

कानातून नाही, हाडातून स्वर आला. जबड्यातून चढला, कपाळात पसरला, दातांच्या मुळाशी थरथरला. विहिरीत खडा टाकावा आणि विहीर आपणच असावी, तसं झालं. क्षणभर निलोफर सगळं विसरली, भाई, दादाजान, मूठ, सूर्य. क्षणभर ती फक्त एक भरलेलं, हललेलं, वर्तुळांनी उमललेलं पाणी होती.

मग स्वर सरला, आणि भीती परत आली.

"सर," तिनं डोळे न उघडता विचारलं, "हिचा आवाज लगेच का थांबतो? तंबोऱ्याचा थांबत नाही."

सरांनी तारेवर बोट ठेवलं. "तंबोऱ्याची तार हाडावर लोळते. दुपारी गच्चीत लोळावं तशी. म्हणून ती गुणगुणत राहते. गिटारीच्या तारेला लोळायचं नसतं, तिला उडी घ्यायची असते. उडी घ्यायला काठ लागतो, कोरा, धारदार काठ. तो काठ गेला की बिचारी घसरते आणि पडते."

निलोफरच्या मिटल्या पापणीतून एक थेंब गिटारीच्या खांद्यावर पडला.

सरांनी तो अंगठ्यानं पुसला, लाकूड भिजू नये म्हणून. मग तिची मूठ नाही, दुसरा हात हातात घेतला, मोकळा होता तो. नखांत पांढरं पीठ अडकलं होतं.

"हे हाडाचं पीठ ना?" ते म्हणाले. "बाळ, शाळेत बोलायचं नाहीये ना कुठे?"

मूठ उघडली. रुमाल उघडला. मग सगळंच उघडलं, तुटक, अडखळत, हुंदक्यांच्या फटीफटीतून. कानस, भुंगा, भाई, दादाजान. सर्वांत शेवटी ते वाक्य जे सकाळपासून तिच्या छातीवर बसलं होतं. भाईला वाटेल दादाजाननी केलं.

सरांनी पट्टी उन्हात धरली. बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. एखादा जुना विद्यार्थी रस्त्यात दिसावा तसे.

"ही मीच बसवली होती," ते म्हणाले.

गिटार आली तेव्हा तिच्यात प्लास्टिकची पट्टी होती, सरांनी सांगितलं. स्वस्त गिटारींत असतेच. तौफिक तारा बदलायला गिटार इथं ठेवून गेला होता, आणि त्याच संध्याकाळी एक म्हातारा माणूस सायकलीवरून आला. दारातच उभा राहिला. खिशातून हाडाचा एक तुकडा काढला, तंबोऱ्यासाठी राखून ठेवलेला, वर्षानुवर्षं मुरलेला. पोराचा सूर प्लास्टिकवर उभा राहू नये, म्हणाला. आणि कुणाला सांगू नका, असंही म्हणाला.

"मी आजवर सांगितलं नाही. आज सांगितलं. आता ते तुझ्याकडे."

निलोफरनं पट्टीकडे पाहिलं. म्हणजे जे हाड तिनं घासलं, ते आधीच बोललं होतं. घरातल्या मौनाच्या तळाशी ते वर्षभर तारांना खांद्यावर घेऊन उभं होतं, आणि कुणाला ऐकू गेलं नव्हतं.

सरांनी ड्रॉवरमधून एक पट्टी काढली, पांढरी, गुळगुळीत, निर्जीव. तिच्यावर पेन्सिलीनं बारीक रेघ ओढली. ही प्लास्टिकची, ते म्हणाले. रेघेपर्यंत घासून बसवली तर आजची वेळ निभावेल. तौफिकला मंडपाच्या गोंगाटात कळणारही नाही. किंवा मग हीच रेघ माप म्हणून घे, आणि हाड जिथून आलं तिथं परत जा. माझ्याकडे तसं हाड नाही.

"मी काय करू, सर?"

सरांनी गिटार भिंतीवर टांगली, हळूच, मान न दुखवता. "ते मी कसं सांगू? हात तुझा आहे."

*

परतताना सूर्य झाडांच्या मागे गेला होता. सावल्या लांबल्या होत्या, गल्ल्यांना गल्ल्या चिकटल्या होत्या. निलोफर आता पळत होती. कुणी विचारलं नाही.

एका मुठीत हाड होतं, एका मुठीत प्लास्टिक.

घराशी येऊन ती थांबली. डावीकडे जिना. वर खोली, खोलीत कोपऱ्यात गिटार, खाटेखाली लपवलेली कानस. वर गेलं की काही मिनिटांचं काम. कुणाला कळणार नाही. उजवीकडे कारखान्याचा दरवाजा. आतून कानशीचा आवाज येत होता, खरखर, थांबणं, तारेचा झंकार, पुन्हा खरखर. दादाजान कुणाची तरी जवारी काढत होते.

जिना शांत होता. दरवाजा शांत नव्हता. ती दरवाजाकडे वळली.

कारखान्यात शेवटचं ऊन तिरपं आलं होतं. भिंतीवर तयार तंबोरे ओळीनं टांगले होते, गर्भवती, गंभीर, तारा लावलेले. भुशाचे कण हवेत तरंगत होते, सुवर्णरेणूंसारखे. दादाजान तंबोऱ्यावर कान ठेवून बसले होते. निलोफरनं रुमाल त्यांच्यासमोर ठेवला आणि उघडला.

दादाजाननी पट्टी उचलली. तिच्यावरून अंगठा फिरवला, एकदा पुढं, एकदा मागं. त्यांच्या बोटाला सगळं कळतं हे निलोफरला माहीत होतं.

"जवारी कुणी काढली?"

"मी."

"का?"

"आवाज उघडावा म्हणून." तिचा आवाज सुतासारखा बारीक झाला. "म्हणजे तुम्हाला गिटार आवडली असती."

दादाजाननी पट्टी पुन्हा एकदा चाचपली. आणि मग, इतक्या हळू की तिला ते आधी कळलंच नाही, त्यांच्या दाढीत काहीतरी मऊ झालं.

"हात चांगला आहे तुझा," ते म्हणाले. "वाद्य चुकलं. जा, आण तिला."

ती जिना चढली आणि उतरली, गिटार छातीशी धरून, सैल तारा पायांवर झुलवत. दादाजाननी ती पहिल्यांदा मांडीवर घेतली. डबा उघडला, हाडाचा तुकडा निवडला, उजेडात धरला, दुसरा निवडला. प्लास्टिकवरची रेघ हाडाशेजारी ठेवली. कानस फिरू लागली. या वेळी उतार नव्हता, काठ होता. कोरा, उभा, न लोळणारा काठ.

बाहेर मोटरसायकल थांबली.

पावलं आली, जिन्याकडे गेली, थांबली, मागं वळली. तौफिक दारात उभा राहिला. त्याला दिसलं ते एवढंच: त्याची गिटार दादाजानच्या मांडीवर, तारा लोंबत्या, आणि दादाजानच्या हातात कानस.

त्याच्या चेहऱ्यावरून वर्षभराचं मौन सरकलं, आणि त्या मौनाला खरंच दात होते.

"एवढंच राहिलं होतं, दादाजान?"

म्हाताऱ्याची कानस थांबली नाही. मान वर झाली नाही. "मीच बघत होतो जरा," ते म्हणाले, शांतपणे. एखादं जुनं ओझं आणखी एकदा उचलावं, तसं त्यांनी ते वाक्य उचललं.

निलोफरला वाटलं आता गप्प राहिलं तर सगळं संपेल. भीती संपेल, दिवस संपेल, तिच्यापुरतं सगळं संपेल. आणि त्या दोघांचं मात्र कधीच संपणार नाही.

"त्यांनी नाही, भाई. मी घासली पट्टी. आवाज उघडायला गेले, बिघडला." ती थांबली. सरांचं गुपित तिच्या जिभेवर होतं, जड, दुसऱ्याचं. "आणि आधीचं हाडही त्यांचंच होतं. तू गिटार सरांकडे ठेवली होतीस ना, तेव्हा हे स्वतः जाऊन देऊन आले. प्लास्टिकवर तुझा सूर उभा राहू नये म्हणाले. कुणाला सांगू नका म्हणाले."

कानस थांबली.

हे मौन वेगळं होतं. तंबोरा लावण्याआधी खुंटी पिळताना जसं सगळं घर थांबतं, तसं.

मग तौफिक चपला काढून आत आला आणि भुशातच मांडी घालून बसला. दादाजाननी पट्टी खाचेत दाबली. तौफिकनं तारा एकेक करून ताणल्या. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. दोघांचे हात मात्र एकाच वाद्यावर होते, एक म्हातारा, एक कोवळा, दोन्ही भुशानं पांढरे.

"वाजव," दादाजान म्हणाले. "उशीर होतोय तुला."

तौफिकनं तार छेडली.

कोऱ्या काठावरून स्वर सुटला, सरळ, निर्मळ, पहाटेसारखा, आणि विझला. बंदच होता आवाज, हिच्या रीतीचा. निलोफरनं दादाजानकडे पाहिलं.

आणि तेव्हा भिंत गुणगुणली.

कुणी हात लावला नव्हता. पण ओळीनं टांगलेल्या तंबोऱ्यांच्या तारा, त्याच स्वरात लावलेल्या, आपोआप थरथरत होत्या. आधी एक, मग शेजारचा, मग त्याच्या पलीकडचा. भ्रमरमंद, धूम्रमंद, अखंड. गिटारीचा स्वर संपला होता तिथून पुढं त्यांनी तो उचलला होता.

तौफिकचं बोट तारेवरच थांबलं. दादाजाननी डोळे मिटले. त्यांचा भुशानं माखलेला हात निलोफरच्या डोक्यावर आला आणि तिथंच राहिला.

बाहेर गच्च्यांवर भोपळे गार होत होते. ऊन उतरलं होतं, सावली उतरली होती. आणि कारखान्याच्या अंधारात, कुणी न छेडलेल्या तारांवर, एक स्वर अजून हलत होता, हळू, आणखी हळू, हाडावरून हाडावर.